अष्ठीला-शस्त्रक्रिया आणि मूत्रसंयम

मूत्राचा वेग आवरणे आणि योग्य वेळी, योग्य स्थळी त्याचा उत्सर्ग करणे ही क्रिया माणूस बालपणीच शिकतो. आणि ती आपण कधीकाळी शिकलो होतो, हेही पुढे विसरून जातो. उतारवयात काही पुरुषांवर ती दुसऱ्यांदा शिकण्याचा प्रसंग येतो. अष्ठीला ग्रंथी काढून टाकल्यावर कित्येकांना काही आठवडे वा काही महिने मूत्र आवरत नाही. खोकला आला, शिंक आली, बसल्या जागेवरून उठले, की वस्त्र ओले होते.

या त्रासाने जीव जात नाही; परंतु जगणे मात्र आक्रसते. असा गृहस्थ प्रवास टाळू लागतो, देवळात व सभेत जाणे सोडतो, नातवंडाला उचलून घेण्यास कचरतो, आणि आपली अडचण पत्नीलाही सांगत नाही. जी गोष्ट बोलली जात नाही, तिच्यावर उपायही होत नाही. म्हणून ही गळती का होते, तिच्यावर ताबा कसा मिळविता येतो आणि त्यास किती काळ लागतो, याची शास्त्रीय माहिती प्रत्येक सुशिक्षित कुटुंबात असली पाहिजे.

अष्ठीला ग्रंथी

डॉक्टर जिला ‘प्रोस्टेट’ म्हणतात, तीच अष्ठीला ग्रंथी होय. अष्ठीला या संस्कृत शब्दाचा अर्थ वाटोळा दगड असा असून सुश्रुतसंहितेत मूत्राच्या अवरोधाचे विकार सांगताना ‘वाताष्ठीला’ ही संज्ञा येते. ‘प्रोस्टेट’ हा शब्द ग्रीक असून ‘पुढे उभा असलेला’ असा त्याचा अर्थ आहे. त्यावरून तिला कोणी पुरःस्थ ग्रंथी असेही म्हणतात.

तरुण पुरुषात ही ग्रंथी सुमारे अक्रोडाएवढी, अदमासे वीस ग्रॅम वजनाची असते. ती मूत्राशयाच्या अगदी खाली असते आणि मूत्रमार्गाचा आरंभीचा भाग तिच्या मधून जातो. वीर्यातील द्रवाचा काही अंश निर्माण करणे हे तिचे कार्य. मूत्र आवरण्याशी तिचा प्रत्यक्ष संबंध नाही. परंतु तिचे स्थान असे आहे की, तिला हात लावताच मूत्र आवरणाऱ्या स्नायूंनाही हात लागतो.

या ग्रंथीवर शस्त्रक्रिया मुख्यतः दोन कारणांसाठी करतात. पहिले कारण उतारवयात होणारी तिची निरुपद्रवी वाढ. अशा वेळी मूत्रमार्गातून उपकरण घालून ग्रंथीचा केवळ आतला भाग काढतात आणि बाहेरचे आवरण तसेच ठेवतात. या शस्त्रक्रियेनंतर कायमची गळती क्वचितच राहते. दुसरे कारण कर्करोग. त्यात संपूर्ण ग्रंथी रेताशयांसह काढून टाकावी लागते. या लेखात मुख्यतः या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतरच्या स्थितीचा विचार केला आहे.

दोन वलयस्नायू

मूत्राशय ही स्नायूंची बनलेली पिशवी आहे. तीत चारशे ते पाचशे मिलिलिटर मूत्र सहज मावते. भरत असताना ती सैल राहते, त्यामुळे आतील दाब फारसा वाढत नाही. खाली मूत्रमार्गाभोवती वळ्यासारखे दोन स्नायू असतात. त्यांना आपण वलयस्नायू म्हणू.

आतला वलयस्नायू मूत्राशयाच्या मुखाशी, म्हणजे अष्ठीलेच्या वर असतो. तो आपल्या इच्छेने चालत नाही. झोपेतही तो आपले काम करीत असतो. बाहेरचा वलयस्नायू अष्ठीलेच्या खालच्या टोकाशी असतो. त्यातील काही तंतू सतत सौम्य आकुंचन धरून ठेवतात, तर काही तंतू आपल्या इच्छेनुसार जोराने आवळता येतात. त्याच्या आधाराला श्रोणितलाचे स्नायू असतात. कटीच्या हाडांच्या चौकटीला खालून झोळीप्रमाणे तोलून धरणारे जे स्नायू, त्यांना श्रोणितल म्हणतात.

या रचनेचे कार्य एका साध्या प्रयोगाने समजते. पातळ रबराच्या पिशवीला हातभर लांबीची रबरी नळी घट्ट बांधावी. पिशवीत पाणी भरावे आणि नळी खाली लोंबत ठेवून तिच्यावर प्रयोगशाळेतील दोन चिमटे एकाखाली एक लावावेत. वरचा साधा आणि खालचा पेचाने आवळता येणारा. खालचा चिमटा पाणी जेमतेम थांबेल इतकाच आवळावा. आता पिशवी हाताने दाबली, तरी वरच्या चिमट्यामुळे पाणी बाहेर येत नाही. मग वरचा चिमटा काढून घ्यावा. पिशवी स्वस्थ आहे तोवर पाणी थांबते. परंतु ती एकदम दाबताच खालच्या चिमट्यातून थेंब गळू लागतात. अखेरीस पेच थोडा अधिक आवळून मग पिशवी दाबावी. पाणी पुन्हा थांबते.

या तीन पायऱ्यांत आपला सारा विषय सामावला आहे. शस्त्रक्रियेपूर्वी दोन चिमटे होते. नंतर एक राहिला. आणि उरलेला चिमटा वेळेवर आवळण्याची सवय करणे, हाच उपाय होय.

शस्त्रक्रियेने काय बदलते

संपूर्ण अष्ठीला काढताना तिच्यामधून जाणारा मूत्रमार्गाचा तुकडाही जातो. मूत्राशयाचे मुख खाली ओढून मूत्रमार्गाच्या उरलेल्या टोकाशी शिवावे लागते. यात आतल्या वलयस्नायूचे बळ बहुतांशी नष्ट होते. बाहेरचा वलयस्नायू शाबूत राहतो; पण शिवणीच्या शेजारीच असल्याने त्याला सूज येते, आणि त्याच्याकडे जाणारे मज्जातंतूही काही काळ मंदावू शकतात. आजवर जो दुय्यम मदतनीस होता, त्याच्यावर एकाएकी सगळा भार पडतो.

शिवण भरून येईपर्यंत, सामान्यतः एक ते दोन आठवडे, मूत्रमार्गात रबरी नळी ठेवतात. ती काढली त्या दिवशी अनेकांना धक्का बसतो, कारण मूत्र आपोआप वाहू लागते. शस्त्रक्रिया बिघडली असे रुग्णास वाटते. परंतु ही अवस्था अपेक्षितच असते. नळी निघण्याच्या दिवशी शोषक वस्त्रे बरोबर न्यावीत, एवढी सूचना आधी मिळाली, तरी निम्मी भीती नाहीशी होते.

शल्यविद्येची वाटचाल

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्पटन यंग यांनी १९०४ साली कर्करोगासाठी संपूर्ण अष्ठीला काढण्याची पद्धत प्रस्थापित केली. वृषणकोश व गुदद्वार यांमधील जागेतून ती शस्त्रक्रिया होत असे. पुढे १९४५ साली टेरेन्स मिलिन यांनी ओटीपोटाच्या पुढील हाडामागून ग्रंथीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग प्रसिद्ध केला. तथापि कर्करोगावरील शस्त्रक्रियेत रक्तस्राव फार होई. रक्ताने भरलेल्या खोल जागेत शल्यविशारदाला स्नायू व मज्जातंतू नीट दिसत नसत, आणि जे दिसत नाही ते जपणार तरी कसे?

हा अंधार दूर करण्याचे श्रेय बाल्टिमोरचेच शल्यविशारद पॅट्रिक वॉल्श यांना दिले जाते. रक्तवाहिन्यांची रचना अभ्यासून त्यांनी आधी रक्तस्राव आटोक्यात आणला. १९८१ साली हॉलंडमधील लायडन येथे पीटर डोंकर यांच्या समवेत त्यांनी मृतजात अर्भकांच्या शरीरांचे विच्छेदन करून अष्ठीलेलगतच्या मज्जातंतूंचा मार्ग शोधला. अर्भकांच्या शरीरात हे तंतू अधिक स्पष्ट दिसतात. १९८२ मध्ये ते तंतू हेतुपुरस्सर जपून केलेली पहिली शस्त्रक्रिया पार पडली. मुख्यतः लैंगिक क्षमतेशी संबंधित असे हे तंतू होते. परंतु रक्तरहित क्षेत्रात काम करता येऊ लागल्यामुळे बाहेरचा वलयस्नायू राखणेही सुकर झाले. इ. स. २००० नंतर यंत्रहस्तांच्या साहाय्याने ही शस्त्रक्रिया पुष्कळ ठिकाणी होऊ लागली आहे. तरीही शस्त्रक्रियेनंतरची काही काळाची गळती सर्वस्वी टळलेली नाही.

गळतीचे प्रकार

उपाय योजण्यापूर्वी गळती कोणत्या प्रकारची आहे, हे ओळखले पाहिजे.

पहिला प्रकार ताणाने होणाऱ्या गळतीचा. खोकला, शिंक, हसणे, वजन उचलणे, मांडी घालून बसलेले असताना उठणे, या वेळी पोटातील दाब एकदम वाढतो आणि तो मूत्राशयावर पडतो. अष्ठीला काढल्यानंतर हाच प्रकार सर्वांत अधिक आढळतो.

दुसरा प्रकार वेगाने होणाऱ्या गळतीचा. मूत्राशय पुरते भरण्यापूर्वीच आकुंचन पावते, अनावर वेग येतो आणि शौचकूप गाठेपर्यंत धीर निघत नाही. मूत्राशयाचा स्नायू शांत करणारी औषधे या प्रकारावर उपयोगी पडतात. पहिल्या प्रकारावर पडत नाहीत.

तिसरा प्रकार फसवा आहे. शिवणीच्या जागी व्रण आकसून मार्ग अरुंद झाला, तर मूत्राशय पुरते रिकामे होत नाही आणि काठोकाठ भरलेल्या घागरीप्रमाणे थेंब थेंब सांडत राहते. धार बारीक होणे, जोर करावा लागणे, झाल्यानंतरही भरल्यासारखे वाटणे, ही त्याची लक्षणे होत. येथे व्यायामाने भागत नाही. डॉक्टरांकडेच गेले पाहिजे. मूत्र मुळीच न होणे, ज्वर, जळजळ, किंवा मूत्रात रक्ताच्या गाठी दिसणे, यांपैकी काहीही झाल्यास विलंब करू नये.

स्नायूंचे शिक्षण

श्रोणितलाचे स्नायू व्यायामाने बळकट करता येतात, हे लॉस एंजेलिस येथील स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली दाखवून दिले. प्रसूतीनंतर ज्या स्त्रियांना मूत्र आवरत नसे, त्यांच्यासाठी त्यांनी ही पद्धत सिद्ध केली. आकुंचनाचा दाब तबकडीवर दाखविणारे उपकरणही त्यांनी तयार केले होते. स्वतःचा प्रयत्न काट्यावर पाहून स्त्रिया योग्य स्नायू वापरण्यास शिकत. स्त्रियांसाठी निघालेला हा उपाय पुढे पुरुषांनाही लागू पडला, आणि आज अष्ठीला-शस्त्रक्रियेनंतर सर्वप्रथम तोच सांगितला जातो.

यातील कठीण भाग म्हणजे नेमका स्नायू ओळखणे. अपानवायू रोखताना गुदद्वार जसे आवळले जाते, किंवा चालू असलेली मूत्राची धार मध्येच थांबविताना जे आवळले जाते, तेच हे स्नायू. धार थांबवून पाहणे हे केवळ ओळखीपुरते एखादे वेळी करावे. त्याची सवय लावू नये, कारण त्यामुळे मूत्राशय पुरते रिकामे होण्यात व्यत्यय येतो. बरोबर आकुंचन झाले, तर शिश्नाचा मूळभाग किंचित आत ओढल्यासारखा वाटतो आणि वृषणकोश थोडा वर उचलला जातो. पोट, मांड्या आणि नितंब मात्र सैल राहिले पाहिजेत. पोट आवळल्यास उलट मूत्राशयावरील दाब वाढतो.

व्यायामाची रीत अशी: प्रथम पाठीवर निजून गुडघे दुमडावेत. स्नायू आवळून सुमारे पाच सेकंद धरावेत. नंतर तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावेत. श्वास रोखू नये. असे दहा वेळा करावे आणि दिवसातून तीन वेळा ही आवृत्ती व्हावी. हळूहळू आकुंचनाचा काळ दहा सेकंदांपर्यंत न्यावा. त्यानंतर काही आकुंचने झटकन आवळून झटकन सोडण्याची करावीत, कारण खोकला काही सूचना देऊन येत नाही. निजून जमल्यावर बसून, मग उभे राहून आणि शेवटी चालताना सराव करावा. अतिरेकाने लाभ होत नाही. थकलेला स्नायू अधिकच गळू देतो. मूत्रमार्गात नळी असेपर्यंत हा व्यायाम करू नये. शस्त्रक्रियेपूर्वीच तो शिकून ठेवणे सर्वांत चांगले, कारण निरोगी अवस्थेत स्नायू ओळखणे सोपे जाते.

हठयोगातील मूलबंधात याच भागाचे आकुंचन असते, ही गोष्ट अनेक वाचकांच्या ध्यानात आली असेल. ज्यांना मूलबंधाचा परिचय आहे, त्यांना स्नायू चटकन सापडतील; मात्र त्याबरोबर केला जाणारा कुंभक येथे वर्ज्य समजावा.

बळापेक्षाही वेळ साधणे महत्त्वाचे आहे. उठण्यापूर्वी, शिंकण्यापूर्वी, बादली उचलण्यापूर्वी क्षणभर आधी स्नायू आवळावा आणि मग ती क्रिया करावी. प्रयोगातील पेच आधी आवळून मग पिशवी दाबली, ती हीच युक्ती. काही आठवड्यांच्या सरावाने ती अंगवळणी पडते.

दैनंदिन व्यवस्था

पाणी कमी पिणे ही या अवस्थेतील सर्वांत सार्वत्रिक चूक आहे. पाणी कमी केल्याने मूत्र दाट होते, मूत्राशयाचा आतला थर चुरचुरतो, वेग वारंवार येतो, आणि जंतुसंसर्गाचा संभव वाढतो. बद्धकोष्ठ होऊन मलत्यागाच्या वेळी जोर करावा लागतो, तो वेगळाच. डॉक्टरांनी अन्य कारणाने मनाई केली नसेल, तर दिवसभरात दीड ते दोन लिटर द्रव थोडे थोडे करून घ्यावे, उन्हाळ्यात त्याहून अधिक. रात्री निजण्यापूर्वीचे दोन-तीन तास मात्र कमी करावे. चहा, कॉफी आणि मद्य यांनी मूत्राचे प्रमाण व वेग वाढतात, म्हणून ते काही महिने मर्यादित ठेवावेत. वजन अधिक असल्यास घटवावे व धूम्रपान सोडावे. धूम्रपानाचा खोकला हा या स्नायूचा मोठा शत्रू आहे.

पुरुषांसाठी खास आकाराच्या शोषक घड्या औषधांच्या दुकानांत मिळतात. अधिक गळती असल्यास प्रौढांचे डायपर वापरतात. खर्च परवडत नसेल, तर जुन्या धुतलेल्या सुती धोतराच्या अथवा साडीच्या घड्याही चालतात. फक्त त्या ओल्या होताच बदलाव्यात आणि धुऊन उन्हात वाळवाव्यात. ओली त्वचा लवकर सोलवटते. ती सौम्य साबणाने धुऊन, टिपून कोरडी करावी आणि तिच्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. शिश्नावर बसवावयाचे चिमटेही मिळतात. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावेत, दर एक-दोन तासांनी काढावेत आणि झोपेत कधीही लावू नयेत.

प्रगती मोजण्याचा एक सोपा मार्ग आहे. कोरडी घडी आणि ओली घडी यांची वजने घरातील लहान काट्यावर करावीत. दोहोंत जितक्या ग्रॅमचा फरक, तितके मिलिलिटर मूत्र गळले असे धरण्यास हरकत नाही. चोवीस तासांतील असे आकडे आठवड्यातून एकदा वहीत नोंदवावेत. मनाला जी सुधारणा जाणवत नाही, ती पुष्कळदा वहीत दिसते. आणि डॉक्टरांनाही या नोंदीचा उपयोग होतो.

काळ आणि धीर

संयम परत येण्याचा एक ठरावीक क्रम बहुधा दिसतो. प्रथम रात्री निजलेले असताना गळती थांबते, नंतर चालताफिरताना, आणि सर्वांच्या शेवटी बसलेल्या स्थितीतून उठताना. दिवसाचाही असाच क्रम आहे. सकाळी अंग कोरडे राहते, संध्याकाळी स्नायू थकल्याने गळती वाढते. सकाळ साधली आणि संध्याकाळ साधली नाही, तर ते अपयश नव्हे. अर्धी वाट सरली असे समजावे.

बहुसंख्य रुग्णांत तीन ते सहा महिन्यांत पुष्कळ सुधारणा होते आणि ती वर्षभर, काहींत त्याहूनही पुढे, चालू राहते. वय अधिक असणे, आधी किरणोपचार झालेले असणे, अशा कारणांनी विलंब होऊ शकतो. थोड्या रुग्णांत मात्र वर्षानंतरही त्रासदायक गळती उरते. त्यांनी निराश होऊन घरी बसण्याचे कारण नाही, कारण पुढील उपाय उपलब्ध आहेत.

गळती सौम्य वा मध्यम असेल, तर मूत्रमार्गाखाली कृत्रिम जाळीचा पट्टा बसवून त्याला आधार देता येतो. गळती तीव्र असेल, तर कृत्रिम वलयस्नायू बसवितात. त्याची कल्पना अमेरिकेतील ह्यूस्टन येथील ब्रॅन्टली स्कॉट यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी प्रत्यक्षात आणली. या उपकरणाचे तीन भाग असतात: मूत्रमार्गाभोवती बसणारे, द्रवाने फुगणारे वळे, ओटीपोटात ठेवलेला लहान फुगा, आणि वृषणकोशात बसविलेला पंप. एरवी वळे फुगलेले राहून मार्ग मिटलेला असतो. लघुशंकेच्या वेळी रुग्ण बोटांनी पंप दाबतो, वळ्यातील द्रव फुग्यात जातो आणि मार्ग मोकळा होतो. काही मिनिटांत द्रव आपोआप परत येऊन वळे पुन्हा मिटते. शस्त्रक्रियेची जखम भरल्यावर, सुमारे सहा आठवड्यांनी, ते वापरास सुरुवात करतात. हे उपकरण महाग आहे, कालांतराने बदलावेही लागू शकते, आणि ते वापरण्यास हाताच्या बोटांत पुरेशी चपळाई हवी. आपल्या शरीरात असे उपकरण आहे हे रुग्णाने प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगितले पाहिजे. अन्यथा अजाणता नळी घातल्यास मूत्रमार्गास इजा होण्याचा धोका असतो.

कुटुंबाचे कर्तव्य

या सर्व उपायांना घरच्यांच्या समजूतदारपणाची जोड हवी. शौचकूपाची वाट मोकळी व उजेडाची असावी. प्रवासात मागून जाण्याऐवजी कडेची बैठक मिळवून द्यावी आणि बरोबर एक जादा पोशाख न बोलता ठेवावा. ओल्या वस्त्रांवरून थट्टा तर होऊ नयेच, पण अति कीवही करू नये. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाने आणि त्याच्या पत्नीने किंवा मुलाने मिळून डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत: गळती किती काळ अपेक्षित आहे, व्यायाम कोण शिकविणार, आणि वर्षानंतर सुधारणा न झाल्यास पुढे काय?

मूत्र न आवरणे हा चारित्र्याचा अथवा मनोबलाचा दोष नाही. दोन झडपांपैकी एक काढावी लागल्याचा तो सरळ यांत्रिक परिणाम आहे. ज्या कर्करोगाने आयुष्य हिरावून घेतले असते, तो दूर करण्यासाठी दिलेले हे मोल आहे, आणि त्यातील बराचसा भाग धिमेपणाने परत मिळविता येतो. बालपणी ही विद्या शिकताना कोणी आपल्याला लाजविले नाही. चुकले तरी घरच्यांनी कपडे बदलून पुन्हा खेळावयास सोडले. उतारवयात ती दुसऱ्यांदा शिकणाऱ्या माणसालाही तेवढीच मोकळीक मिळाली पाहिजे.